धर्मशाळेच्या भिंतीचे फोटो

आई गेल्यावर माझा रविवार फार लांब झाला. बाकीचे दिवस कार्यालयात निघून जायचे. इथं रायपूरला एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर क्रमांक, वीस वर्षं हेच काम. रविवारी मात्र सकाळचा चहा झाला की पुढं काय करायचं ते कळायचं नाही. आई होती तोवर घरात मराठी तरी बोलली जायची. भाऊ नागपूरला, त्याच्या मुलांना मी मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत येतं. असं एक वर्ष काढलं. मग आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला त्यांच्या गटात ओढलं.

गट लहानच होता. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही रविवारी सकाळी जमायचो. रायपूरची जुनी घरं, देवळं, तलाव, दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या यांचे फोटो काढायचे, त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आणि आमच्या छोट्याशा साइटवर टाकायच्या. कोणीही घ्या, कोणीही वापरा, पैसे नाहीत, विचारणा नाही. साइट सांभाळायचा पंडरीच्या कापडबाजारातला एक ठोक व्यापारी. पस्तिशीचा असेल. आम्ही सगळे त्याला भैया म्हणायचो आणि त्याच्यासाठी मी दीदी.

सरांना आणखी एक ध्यास होता, कॉपीराइटच्या कायद्याचा. लेखक मेल्यावर साठ वर्षं त्याचं पुस्तक वारसांच्या परवानगीशिवाय कोणाला छापता येत नाही. वारस सापडत नसले, प्रकाशक बंद पडला असला तरी नाही. "साठ वर्षं होईपर्यंत कागदाचा भुगा होतो हो," सर म्हणायचे. हे बदलावं म्हणून ते पत्रं लिहायचे. देशात इतर शहरांतही असे स्वयंसेवक होते, त्यांच्याशी आमच्या ऑनलाइन बैठका व्हायच्या. सरांचं इंग्रजी चांगलं, पण मसुदा कसा बांधायचा ते मला जास्त जमायचं. विषय, संदर्भ, मागणी, सहपत्रं. मी गटात आल्यावर सरांच्या पत्रांना शिस्त आली, असं ते स्वतःच सांगायचे. मला बरं वाटायचं. आई गेल्यापासून मला कोणी कशासाठी शाबासकी दिली नव्हती.

ती भिंत ब्राह्मणपाऱ्यात होती. पारा म्हणजे इकडं मोहल्ला. एका बंद पडलेल्या धर्मशाळेची, रस्त्याच्या कडेनं गेलेली लांबलचक भिंत. तिच्यावर लोक थुंकायचे, जाहिराती डकवायचे. शेवटी धर्मशाळेच्या राखणदारानं पाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पेंटरला म्हटलं, की काहीतरी काढ बाबा हिच्यावर. हा पेंटर मराठी. बाप रेल्वेत होता, मूळ गाव अमरावतीकडचं. उभं आयुष्य त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि त्याचे ब्रश डब्यात गेले. ती भिंत त्याला मिळाली तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. ओळखीच्या रंगारी लोकांकडून उरलेले रंग आणायचा आणि रोज हातभर काम करायचा. दोन वर्षं लागली त्याला.

मी फोटो काढायला गेले ती हिवाळ्याची सकाळ होती. तो स्टुलावर उभा राहून एका बैलाच्या शिंगाला पिवळा रंग देत होता. भिंतीवर आख्खा पारा होता. पोळ्याचे बैल, गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर, चढलेली पोरं, बांगड्यांची टोपली घेतलेली बाई, सायकल हातात धरून चाललेला पोस्टमन, हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायका. चेहरे खऱ्या माणसांचे होते. बघायला थांबलेली माणसं बोट दाखवून सांगायची, की हा अमक्याचा बाप, ती तमक्याची मावशी.

"काका, फोटो काढले तर चालतील?" मी विचारलं.

"काढा ना ताई," तो खाली न बघताच म्हणाला. "भिंत काय माह्या बापाची आहे? येनाऱ्या-जानाऱ्यासाठीच तं काढून राहिलो."

"आमच्या साइटवर टाकीन. मग कोणीही वापरेल."

"वापरू द्या. इथं ऊन लागते, तिथं तं नाही लागनार."

हातपंपावरच्या बायकांमध्ये एक पिवळ्या लुगड्यातली बाई पाठमोरी होती. बाकी सगळ्यांना चेहरे, हिलाच नाही. मी विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "ते आमची मंडळी. म्हने, माहं तोंड भिंतीवर काढाल तं मी जेवाले नाही वाढत. म्हनून पाठ काढली. पन पाठीवरूनबी लोक वळखते तिले."

मी तासभर फोटो काढले. डावीकडून उजवीकडे, तुकड्या-तुकड्यानं, चाळीसच्या वर. त्याच दिवशी साइटवर चढवले आणि फोन भरला म्हणून फोनमधून काढून टाकले. साइटवर आहेतच, म्हटलं.

मग फेब्रुवारीत आमची एक ऑनलाइन बैठक झाली. कायद्यात काय बदल मागायचे त्याची यादी ठरवायची होती. त्यात दुसऱ्या शहरातल्या एका स्वयंसेवकानं सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. चौकातल्या पुतळ्याचा फोटो छापता येतो, इमारतीचाही येतो. पण रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र असेल, तर त्याचा फोटो चित्रकाराच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. कायद्यानं ही सूट देताना पुतळा घेतला, इमारत घेतली, चित्र घेतलं नाही. आमच्या यादीत ती मागणी आली, की सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या चित्रांनाही तीच सूट द्या.

बैठक संपली आणि मला भिंतीचे फोटो आठवले. पेंटरकाका तोंडी हो म्हणाले होते, पण कागद नव्हता. वीस वर्षं मी कागदाच्या जोरावर नोकरी केली आहे. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं आमच्याकडे मानतात. इतर गट वापरतात तो परवानगीचा नमुना मी छापून घेतला आणि काकांच्या घरी गेले. दोन पानांचा इंग्रजी मजकूर होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पानं उलटसुलट बघितली.

"ताई, म्या जिंदगीभर इंग्रजी पाट्या रंगवल्या. जे लिहून दिलं ते काढलं, वाचता कधी आलं नाही. पन सही नाही केली कुठं." त्यांनी पानं परत माझ्या हातात दिली. "हे मराठीत लिहून आना. वाचतो आन सही करतो."

"आठ दिवसांत आणते."

आठ दिवसांत मी नेलं नाही. मार्च लागला होता आणि मार्चमध्ये कार्यालयात श्वास घ्यायला फुरसत नसते, हे खरं. पण पूर्ण खरं तेवढंच नाही. मी तो मजकूर मराठीत लिहायला बसायचे आणि शब्दापाशी अडायचे. कायमची परवानगी, परत न घेता येणारी परवानगी, हे त्या माणसाला नीट कळलं पाहिजे आणि कायद्यातही चुकायला नको. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. साध्या पाच ओळी लिहून त्यांच्यापुढं ठेवल्या असत्या तर चाललं असतं, हे मला आज कळतं.

महिना झाला तेव्हा सरांच्या खोलीत मीच विषय काढला. म्हटलं, सही नाही तोवर हे फोटो साइटवर ठेवता येत नाहीत, काढून टाका.

सर म्हणाले, "अहो, चित्रकार जिवंत आहे, तोंडी हो म्हणालाय. थोडं थांबा ना."

"महिनाभर थांबलो सर. आपण कायदा बदला म्हणून दिल्लीपर्यंत ओरडणार आणि आपल्याच साइटवर कायदा मोडलेला असणार. कोण ऐकेल आपलं?"

भैयानं लॅपटॉप उघडला. "दीदी, एक कॉपी अपने पास रख लूँ? कहीं पड़ी रहेगी."

"नको. नियम सगळ्यांना सारखा. सही झाली की एका सकाळी जाऊन मी पुन्हा काढीन. भिंत कुठं पळून जाते?"

त्यानं फोटो पुसले. मी शेजारी बसून बघितलं. त्या वेळी मला अभिमान वाटला होता.

मेमध्ये मराठी मजकूर तयार झाला. ऊन इतकं होतं, की दुपारी स्कूटीचं हँडल हातात धरवत नव्हतं. कागद माझ्या पर्समध्ये राहिला. जूनच्या सुरुवातीला सरांचा फोन आला, पेंटरकाकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दवाखान्यात भेटायला गेले. काकू पलंगाशी बसल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पदर घट्ट खोचलेला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, भिंतीवर फक्त पाठ बघितली होती. काकांनी मला ओळखलं. डावा हात उचलला आणि हवेत काहीतरी मागितल्यासारखी बोटं हलवली. माझ्या पर्समध्ये तो कागद होता. अशा माणसापुढं तो काढायचा कसा? मी सफरचंदं ठेवली आणि उठले. भिंतीचे फोटो मात्र मी तेव्हाही काढून घेतले नाहीत. सही नव्हती ना.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कामावर जाताना मी ब्राह्मणपाऱ्यातून निघाले आणि रस्ता अडवलेला दिसला. रस्ता रुंद करायचा होता, नाली बांधायची होती. जेसीबीनं अर्धी भिंत पाडलेली होती. बैल गेले होते, पोस्टमन गेला होता. हातपंपापासून पुढचा भाग उभा होता. मी स्कूटी थांबवून फोन बाहेर काढला. आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, की कागदावर सही नाही. दोन सेकंद असतील, फार तर चार. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मैडम, हटिए उधर से." जेसीबीचा दात भिंतीला लागला आणि सगळा भाग एकदम आडवा झाला. धूळ बसली तेव्हा विटांच्या एका बाजूला रंग दिसत होता, कसला ते ओळखू येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकू माझ्या कार्यालयात आल्या. जेवणाची सुट्टी होती. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत यायला तयार नव्हत्या. मी त्यांना बाहेर निंबाखालच्या बाकावर नेलं.

"ते रोज हात करून दाखवते," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या अंगानं. मले समजते काय म्हनून राहिले ते. भिंतीपाशी न्या म्हनते. खुर्चीवर बसवून नेता येते जी, पन नेऊ कुठं? तिथं तं नाली खोदून राहिले."

"भिंत पडली हे त्यांना सांगितलं नाही?"

"कसं सांगू?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हटलं, फोटो दाखवू. तुम्ही लई फोटो काढले होते म्हने. एक डाव दाखवा त्याईले. पाहतीन आन गप राहतीन."

मी म्हटलं, "काकू, ते फोटो गेले."

"गेले म्हन्जे?"

"कॉम्प्युटरमधून पुसले गेले."

आमच्या विभागात एखादा कागद हरवला, की आम्ही 'गहाळ झाला' असं लिहितो. कोणी हरवला ते कधी लिहीत नाही. मी तसंच बोलले. काकूंनी माझ्याकडं बघितलं, 'हव' म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायचं सुद्धा मला सुचलं नाही.

संध्याकाळी मी भैयाच्या दुकानात गेले. कापडाच्या ताग्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यानं सगळं ऐकलं. साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांना त्यानं पत्रं लिहिली, फोन केले, तीन दिवस मागं लागला. काही मिळालं नाही. "मी तेव्हाच म्हणालो होतो," असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी पाऱ्यात घरोघरी फिरले. कोणाकडं त्या भिंतीचा फोटो आहे का? सगळे म्हणायचे, असेल ना, बघतो. मग फोनमध्ये वरखाली करायचे आणि मान हलवायचे. रोज समोर दिसणाऱ्या भिंतीचा फोटो कोण काढतो? शेवटी समोरच्या पानठेलेवाल्याकडं एक निघाला. त्याच्या साल्यानं नवी स्कूटर घेतली होती, तिला हार घालून तो भिंतीपुढं उभा होता. भिंतीचा बराचसा भाग त्याच्या पाठीमागं झाकलेला होता. हातपंपाचा दांडा, दोन घागरी आणि पिवळ्या लुगड्याची एक कड, एवढंच दिसत होतं.

तो फोटो घेऊन मी रविवारी काकांकडं गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग त्यांचं डावं बोट वर आलं आणि त्या स्कूटरवाल्याच्या पोटावर टेकलं. ते त्याला बाजूला सरकवत होते. बोट टेकवून उजवीकडं ढकलायचे, मग डावीकडं. काचेवर पुढचाच दुसरा फोटो यायचा, मी पुन्हा मागचा आणायचे, ते पुन्हा ढकलायचे. पाच-सहा वेळा तसं झालं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड वळवलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या ताई. थकले ते."

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडं जायला लागले. तासभर बसायचे. काकू चहा करायच्या. बोलण्यासारखं काही नसायचं.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीला दिल्लीच्या एका कार्यालयानं कॉपीराइटच्या कायद्याबद्दल लोकांकडून सूचना मागवल्या. सरांनी सगळी मागणीपत्रं बाहेर काढली. चित्रांच्या मागणीचं पत्र मी लिहायला घेतलं. कायद्याच्या त्या वाक्यात एक शब्द वाढवा, चित्र, एवढीच मागणी होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मसुदा असेल तो. पाठिंब्यासाठी चित्रकारांच्याच सह्या घेऊ, असं सरांना वाटलं. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं रायपूरजवळच्या अभनपूरला गेलो. तिथल्या बाजारात हातानं पाट्या रंगवणारा एक पेंटर अजून होता. खताच्या दुकानाच्या शटरवर तो भाताची लोंबी काढत होता. भैयानं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ब्रश डब्यात ठेवला, कपड्याला हात पुसले आणि छत्तीसगढीत विचारलं, "हमर ले पूछे बिना फोटो खींचहू, अउ दस्तखत घलो हमी करबो?"

आम्हाला न विचारता फोटो काढणार आणि वर सहीही आम्हीच करायची? त्याचं चुकलं नव्हतं. सर काहीतरी समजावू लागले, ज्ञान सगळ्यांचं असतं वगैरे. तो ऐकून घेत होता, पण कागदाला त्यानं हात लावला नाही. घरी येऊन मी मसुद्यात एक ओळ वाढवली, की असा फोटो छापताना चित्रकाराचं नाव लिहिणं बंधनकारक असावं. ते नाव कळेल कसं, हे मात्र मला लिहिता आलं नाही. बहुतेक पेंटर भिंतीवर स्वतःचं नाव लिहीत नाहीत. काकांनीही लिहिलं नव्हतं.

सूचना देणाऱ्यांची सुनावणी ऑनलाइन होती. आदल्या दिवशी तयारीची बैठक झाली. त्यात एक तरुण वकीलबाई होत्या, त्या स्वयंसेवक म्हणून आम्हाला मदत करायच्या. मी त्यांना भिंतीची सगळी हकिगत सांगितली. मी फोटो का पुसायला लावले तेही सांगितलं.

"पण स्वतःजवळ एक प्रत ठेवायला काहीच अडचण नव्हती," त्या म्हणाल्या. "खासगी वापरासाठी ठेवता येते. कायदा तेवढं देतो. तुम्ही फक्त साइटवरून काढायचे होते."

मी बरं म्हटलं. कॅमेरा बंद केला. सर शेजारीच बसले होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. मी हिंदीत बोलले. पेंटर, भिंत, जेसीबी, सगळं सांगायला सुरुवात केली. पडद्यावर लहान लहान चौकोनांत माणसं बसली होती, त्यातलं एक जण मध्येच म्हणालं, "मैडम, आप सीधे सुझाव पर आइए." मी सुझावावर आले. एक शब्द वाढवा, म्हटलं. "आपका सुझाव दर्ज कर लिया गया है," असं उत्तर आलं आणि माझा आवाज बंद झाला. त्यांनी बंद केला की वेळ संपली म्हणून आपोआप झाला, कळलं नाही. नंतर पोच आली, तिच्यावर एक क्रमांक होता. असले क्रमांक मी रोज शेकड्यानं टाकते. त्यातल्या किती कागदांचं पुढं काही होतं, ते मला चांगलं माहीत आहे. पोचेनंतर काही आलं नाही. वाक्य जसं होतं तसंच आहे.

काका डिसेंबरात गेले. झोपेतच गेले, काकूंना सकाळी चहा देताना कळलं. भिंत पडल्याचं त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. पण त्या स्कूटरच्या फोटोनंतर त्यांनी रस्त्याकडं हात करणं बंद केलं होतं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

तेरवी झाल्यावर मी काकूंकडं गेले. त्यांची मुलगी दुर्गला असते, ती त्यांना घेऊन जाणार होती. काकू पेटीत भांडी भरत होत्या. मी खाली बसले, वर्तमानपत्रात एकेक वाटी गुंडाळून त्यांना देऊ लागले. बऱ्याच वेळानं म्हटलं, "काकू, एक सांगायचं राहिलं. ते फोटो आपोआप नाही गेले. मी पुसायला लावले. सही नव्हती म्हणून. भैया एक प्रत ठेवतो म्हणत होता, त्यालाही मी नाही म्हटलं."

काकूंनी हातातलं पातेलं पेटीत ठेवलं.

"मले मालूम आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्या पंडरीच्या भैयानं. तुमच्या हापिसातून निंघाली, तशीच त्याच्या दुकानावर गेली होती मी. म्हटलं, तोच तं कॉम्प्युटर पाहते. त्याले खोटं बोलता नाही आलं."

म्हणजे त्याच दिवशी. त्यानंतर चार महिने मी दर रविवारी त्यांच्या हातचा चहा पीत होते.

"मग मला काही म्हटलं का नाही तुम्ही?"

"म्हनून काय होनार होतं? फोटो येनार होते?" त्यांनी दुसरं पातेलं घेतलं. "पाहाले कोनी येत नव्हतं ताई. पयले पंधरा दिवस आले लोक, मग कोनी नाही. तुम्ही येत होत्या. तुम्हाले बोलली असती, तं तुम्हीबी आल्या नसत्या."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि वाट्या गुंडाळायला पुन्हा वर्तमानपत्र पुढं केलं.

निघताना मी विचारलं, की भिंतीवर काय काय होतं ते सांगाल का? शब्दांत लिहून ठेवायला कोणाची सही लागत नाही. काकू म्हणाल्या, "त्याईनं काढलं तवा मी डब्बा घेऊन जायची, सगळं नाही पाहलं मी." तरी सांगितलं. डावीकडून सुरुवात केली. मी कार्यालयाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं. बैल किती, कोणाच्या गळ्यात घुंगरं, बांगडीवालीचं नाव, ती मेली कधी, पोस्टमन कोणाचा सासरा. स्वतःपाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "पिवळं लुगडं. फुडं लिहा." हातपंपाच्या पुढं काय होतं ते त्यांना आठवेना. मलाही आठवेना, आणि मी तर चाळीस फोटो काढले होते.

आता गटात आम्ही दोघंच उरलो आहोत. सरांची दृष्टी गेली, ते मुलाकडं राहायला गेले. भैया सणासुदीच्या दिवसांत महिना-महिना येत नाही. काकूंनी सांगितलेला मजकूर त्यानं साइटवर चढवला, फोटोविना. दुर्गहून काकूंचा अधूनमधून फोन येतो. कसं काय, तब्येत बरी का, एवढं झालं की म्हणतात, "ताई, ते गेडीवाले पोट्टे तीन नव्हते, चार होते. लिहून घ्या." मागच्या वेळी त्यांनी पाच सांगितले होते. मी तेही ठेवते, हेही लिहून घेते.